आडवा एम आणि सातवा आठवडा

‘सर, तो आडवा एम म्हणजे काय?’

पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेला हा प्रश्न माझ्या हातात पडला, तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली होती. आडवा एम म्हणजे सिग्मा, बेरजेची खूण. पहिल्या आठवड्यात ती फळ्यावर यायची आणि सेमिस्टर संपेपर्यंत तिच्यावाचून माझी एक ओळ पुढे सरकत नसे. सरासरीला सिग्मा, प्रमाण विचलनाला सिग्मा, सहसंबंध शिकवताना तर सिग्मांची जत्राच. माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलामुलींनी बारावीला गणित सोडून एसपी, म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती, घेतलेली असते. दहावीच्या एका प्रकरणात ही खूण त्यांना दिसून गेलेली असते, पण सूत्र पाठ करून गुण मिळत असतील तर खुणेचा अर्थ विचारतो कोण? मीही कधी विचारला नव्हता. मला वाटायचं, एवढं तर येतच असेल.

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मी चिठ्ठ्या वाटल्या त्या वैतागातून. चाचणीचे पेपर तपासून झाले होते आणि गुण पाहून वर्गावर चिडावं की स्वतःवर, ते ठरत नव्हतं. म्हटलं, नाव लिहू नका, रोल नंबर लिहू नका. कशाचा उपयोग होतोय, कुठे अडतंय आणि उरलेल्या आठवड्यांत मी काय बदलू, एवढं लिहा. सत्तरेक चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या अकरांमध्ये या ना त्या शब्दांत सिग्मा होता. ‘ते ई सारखं चिन्ह’, ‘सूत्रातलं पहिलं अक्षर’, आणि हा आडवा एम.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी पंचवीस मिनिटं फक्त त्या खुणेवर घालवली. वाण्याच्या बिलाखाली रेघ ओढून आपण जे करतो तेच करायला सांगणारी ही खूण आहे, एवढीच गोष्ट. पण मागच्या बाकांवरून जो ‘आँ, एवढंच?’ असा सूर आला तो मला आजही ऐकू येतो. नऊ वर्षं गुणिले दीडदोनशे विद्यार्थी. हा गुणाकार मी मुद्दाम करत नाही.

आता गंमत अशी, की त्या नऊ वर्षांत दर सेमिस्टरच्या शेवटी माझ्याबद्दलचे फीडबॅक फॉर्म भरले जात होते. ‘विषयाची मांडणी स्पष्ट होती का?’ या प्रश्नाला मला चारपैकी ३.४ च्या आसपास गुण मिळत. म्हणजे उत्तम आणि चांगले यांच्या मधोमध कुठेतरी. माझ्या फाइलमध्ये ते कागद अजूनही आहेत आणि एकाही कागदावर आडवा एम नाही.

अभिप्राय घेण्याची वेळ चुकली की अभिप्राय खोटा ठरतो, हे माझं म्हणणं. म्हणूनच त्या वर्षापासून मी चिठ्ठ्या दरवर्षी सातव्या आठवड्यात घेतो. सेमिस्टर संपल्यावर शिकवण्याबद्दल विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. ज्यानं लिहायचं त्याला त्यातून काहीही मिळणार नसतं. त्याचा विषय संपला, शिक्षक बदलले, आता त्याचं लक्ष परीक्षेकडे. काही ठिकाणी तर फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळत नाही, मग तो फॉर्म म्हणजे टोलनाका होतो. टोलनाक्यावर कुणी मन मोकळं करत नाही. मुलं एका सरळ रेषेत ‘चांगले, चांगले, चांगले’ करत खाली उतरतात आणि सुटतात.

यात मुलांची चूक नाही. आपण त्यांना जे विचारतो तेच मुळी शिकवण्यासाठी विचारलेलं नसतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ ची. २०१७ पासूनच्या तिच्या सुधारित चौकटीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण आलं. पर्यायांचे वीस प्रश्न आणि एकविसावा मोकळा. पहिला प्रश्न असा, की अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला? नंतरचा, शिक्षक तासाची तयारी कितपत करून येतात? हे ‘शिक्षक’ कोण? मुलीला सहा-सात जण शिकवत असतात. एक सर घरून टाचण काढून येतात, दुसरे गेली पंधरा वर्षं तीच पिवळी वही वाचतात, एक मॅडम प्रत्येक तासाला नवीन उदाहरण आणतात. या सगळ्यांची मनातल्या मनात सरासरी काढून तिनं एक पर्याय निवडायचा. याखेरीज कॉलेजनंही अभिप्राय गोळा करायचे, त्यांचं विश्लेषण करायचं, काय कृती केली ते लिहायचं आणि सगळं संकेतस्थळावर टाकायचं. जितक्या पायऱ्या चढाल तितके गुण जास्त. त्यातून कृती अहवाल नावाचा एक स्वतंत्र साहित्यप्रकार जन्माला आला आहे. ‘शिक्षकांना आयसीटी साधनांचा अधिकाधिक वापर करण्याच्या सूचना देण्यात आल्या’ हे त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य.

नॅकला दोष द्यायचा हेतू नाही. संस्था तपासायला येणाऱ्याला संस्थेचे आकडे लागणारच. घोटाळा आपल्या बाजूला आहे. संस्थेच्या तपासणीसाठी भरलेल्या कागदातून आपलं शिकवणं सुधारेल, अशी आपण समजूत करून घेतली आणि त्याच समजुतीवर आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, कपाटात फायली रचत गेलो.

माझ्या विषयाचा माणूस म्हणून आणखी एक कुरकुर. ‘उत्तम’ला चार, ‘चांगले’ला तीन, ‘बरे’ला दोन असे आकडे चिकटवून त्यांची सरासरी काढणं हे पहिल्या वर्षाच्या मुलानं केलं तर मी त्याला तांबड्या पेनानं थांबवीन. हे क्रम आहेत, मापं नाहीत. उत्तम आणि चांगले यांच्यातलं अंतर चांगले आणि बरे यांच्यातल्या अंतराएवढंच आहे, हे कुणी मोजलं? आणि समजा चालवून घेतलं, तरी सरासरी काय गिळते ते पाहा. माझ्या चिठ्ठ्यांमध्ये दरवर्षी दोन मागण्या हटकून येतात. काहीजण लिहितात, ‘आधी मराठीत सांगा, मग इंग्रजी शब्द द्या.’ दुसरे काहीजण लिहितात, ‘इंग्रजीतच सांगा, पेपर इंग्रजीत लिहायचा आहे.’ दोन्ही मागण्या रास्त आहेत, दोन्हींमागे भीती आहे, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध आहेत. फॉर्मवर यांची बेरीज होऊन उत्तर येतं: शिकवण्याची भाषा, समाधानकारक. चिठ्ठ्या वाचल्यावर मी फळ्याच्या डाव्या कडेला एक पट्टा कायमचा राखून ठेवला. त्यात प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहायची आणि तास संपेपर्यंत पुसायची नाही. फार मोठी सुधारणा नव्हे. पण हा तोडगा सुचायला विरोध दिसावा लागतो, सरासरी दिसून भागत नाही.

सातवा आठवडाच का? नव्वद अध्यापन दिवसांचं सेमिस्टर म्हणजे साधारण पंधरा आठवडे, हा कागदावरचा हिशेब. पहिल्या वर्षाचे प्रवेश लांबतात, मग पोळा, गणपती, मधे कुठली तरी युवक महोत्सवाची तालीम. प्रत्यक्षात हाती अकरा-बारा आठवडे लागले तर नशीब. त्यामुळे सातवा म्हणजे कॅलेंडर पाहून नव्हे. एखादी चाचणी झालेली असावी, मुलांना माझ्या खोडी कळलेल्या असाव्यात, आणि बदल केला तर त्याचा फायदा याच मुलांना मिळेल इतके तास शिल्लक असावेत. ही तिसरी अट महत्त्वाची. आपण लिहिलेलं आपल्याच पदरात पडणार आहे हे कळलं की मुलं खरं लिहितात.

अर्थात खरं म्हणजे सगळं शहाणपणाचंच असं नाही. ‘सर, शर्ट भारी’, ‘तास दहा मिनिटं आधी सोडा’, ‘पेपरला येणारीच गणितं घ्या’, ‘पंखा आवाज करतो’, ‘शेवटची एसटी चुकते’. एकानं नुसतं एक फूल काढलं होतं, ते मी जपून ठेवलं आहे. मात्र याच ढिगात ‘तुम्ही फक्त पहिल्या दोन बाकांना प्रश्न विचारता’ हेही असतं. ‘फळ्याच्या खालच्या भागात लिहिता ते तिसऱ्या रांगेपासून दिसत नाही’ हे असतं. ‘“हे सोपं आहे” असं म्हणता तेव्हा न समजलेलं विचारायची लाज वाटते’ हे असतं. हे शेवटचं वाक्य वाचून मी माझ्या तोंडून तो शब्द काढून टाकायला सहा महिने घेतले. अजूनही कधी कधी निसटतो.

चिठ्ठ्या घेण्याइतकंच त्यांना उत्तर देणं गरजेचं, किंबहुना काकणभर जास्तच. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं मी त्यासाठी ठेवतो. हे बदलेन, हे माझ्या हातात नाही, आणि हे बदलणार नाही कारण असं असं. पंख्यासाठी अर्ज दिला आहे, एसटीचं वेळापत्रक माझ्या हातात नाही, आणि पेपरला येणारीच गणितं घेणार नाही. हे ‘नाही’ स्पष्ट सांगितलं की वर्ग नाराज होतो असा माझा अनुभव नाही. विचारून गप्प बसणारा शिक्षक मात्र न विचारणाऱ्यापेक्षा वाईट. पुढच्या वर्षी त्याला कोऱ्या चिठ्ठ्या मिळतात.

स्टाफरूममध्ये यावर जो पहिला शेरा येतो तो ठरलेला आहे. ‘पोरांना काय कळतंय?’ हा शेरा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हार्वर्डमध्ये लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना स्वतः झटापट करून शिकायला लावलं ती चाचणीत पुढे गेली; पण ‘आपण किती शिकलो?’ असं विचारल्यावर सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांनीच स्वतःला जास्त गुण दिले. म्हणजे समजलं असं वाटणं आणि समजणं या दोन गोष्टी आहेत. तेव्हा मुलांच्या सांगण्यावरून अभ्यासक्रम कापावा किंवा कष्टाची गणितं काढून टाकावीत, असं मी म्हणत नाही. द्विपद वितरण शिकवावं की नाही हे त्यांना कळत नाही. पण फळा दिसत नाही, शब्द कळत नाही, विचारायची लाज वाटते, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच कळत नाही. रोग्याला औषध कळत नसेल. कुठे दुखतं ते सांगायला डॉक्टर येऊन चालत नाही.

मग याचा उपयोग होतो का? पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये अशा २२ तुलनांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले होते. सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे अभिप्राय मिळालेल्या शिक्षकांना सत्राच्या शेवटी, ते न मिळालेल्यांपेक्षा विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनात सरासरी ०.१६ गुण जास्त मिळाले. हा आकडा पाहून कुणी फेटे उडवू नयेत; फरक आहे, पण लहान आहे. खरी मेख पुढे आहे. अभिप्रायाचा कागद नुसता हातात ठेवण्याऐवजी त्यावर कुणा जाणत्याशी बोलणंही झालं, तिथे फरक वाढला. मला हे एकदम पटतं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा एकट्यानं वाचताना माणूस दोनच गोष्टी करतो. स्तुती दोनदा वाचतो आणि टीकेचं हस्ताक्षर कुणाचं ते शोधतो.

हस्ताक्षराची ही गोष्ट क्षुल्लक नाही. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ‘नाव लिहू नका’ म्हटल्यानं ती भीती जात नाही. सबमिशनच्या वह्या मीच तपासतो, अक्षर मला ओळखू येतं. गुगल फॉर्म घेतला तर ‘ईमेल गोळा होत असेल’ ही शंका. यावर वॉशिंग्टन विद्यापीठात डी. जोसेफ क्लार्क यांनी विकसित केलेली एक रीत फार कामाची आहे. शिक्षकानं वर्गाबाहेर जायचं. दुसऱ्या विषयाचा सहकारी येतो, मुलांचे चार-पाच जणांचे गट करतो, प्रत्येक गटाला तेच तीन साधे प्रश्न देतो: कशाचा उपयोग होतोय, कुठे अडतंय, काय बदलावं. गटात जे सर्वांना मान्य होईल तेवढंच कागदावर येतं, मग ते पूर्ण वर्गासमोर वाचून पडताळलं जातं. तो सहकारी नंतर शिक्षकाशी निवांत बोलतो. यात एकट्याचं अक्षर उरत नाही आणि एकट्याचा रागही गाळला जातो.

आमच्याकडे मराठी विभागातल्या एका मॅडमना मी विनंती केली. त्या माझ्या वर्गात गेल्या आणि मी स्टाफरूममध्ये प्रसूतिगृहाबाहेर बसलेल्या माणसासारखा पंचवीस मिनिटं चहाच्या कपाकडे बघत बसलो. त्या परत आल्या आणि आधी म्हणाल्या, ‘तुमची पोरं फार प्रेमानं बोलतात हो तुमच्याबद्दल.’ मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, ‘पण तुम्ही फळ्याशी बोलता म्हणे.’ याबदल्यात मी त्यांच्या एस.वाय.च्या वर्गात गेलो. व्याकरणाच्या तासाबद्दल मुलांनी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

‘ते त्यांचं आहे’ हाच माझ्या म्हणण्यातला कळीचा भाग. आमच्या प्राचार्यांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्यांना ती मनापासून आवडली आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला. ‘छान उपक्रम आहे. एक प्रोफॉर्मा करा, सगळ्या विभागांना सक्तीचं करू, विश्लेषण ऑफिसला द्या.’ माणूस भला आहे, हेतू चांगला आहे. पण ज्या क्षणी ही चिठ्ठी ऑफिसकडे जाईल त्या क्षणी ती पुन्हा टोलनाक्याची पावती होईल. शिक्षक मुलांना खुणेनं सांगेल, ‘जरा नीट लिहा रे.’ मुलं नीट लिहितील.

शिवाय ती कुणाच्या फाइलमध्ये जाईल हेही पाहायला हवं. राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत निम्मे वर्ग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, प्राध्यापकांवर चालतात. तासाप्रमाणे पैसे, नेमणूक सत्रापुरती, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. अशा माणसाच्या फाइलमध्ये ‘फळ्याशी बोलतात’ ही चिठ्ठी गेली तर ती सूचना राहत नाही, शस्त्र होते. तो पुन्हा कशाला मुलांना काही विचारेल? आणि बाईमाणूस असेल तर आणखी वेगळं. उत्तर कॅरोलायनात एका ऑनलाइन अभ्यासक्रमात दोन साहाय्यक शिक्षकांनी एका गटापुढे पुरुषाच्या आणि दुसऱ्या गटापुढे बाईच्या नावानं शिकवलं. नाव पुरुषाचं असेल तिथे गुण जास्त पडले. नमुना अवघा ४३ विद्यार्थ्यांचा, त्यामुळे मी त्यावर फार मोठा इमला बांधणार नाही. पण आमच्या महिला सहकाऱ्यांच्या फॉर्मवर आवाज, ओढणी आणि ‘जास्त कडक आहेत’ याबद्दल जे येतं, ते माझ्या फॉर्मवर कधीच आलेलं नाही. मी कडक आहे, विचारा कुणालाही. टोरोंटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठात हा वाद लवादापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निकाल दिला, की बढतीसाठी शिकवण्याची परिणामकारकता मोजायला विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनाचे हे आकडे वापरता येणार नाहीत. आपल्याकडे असा वाद अजून कुणी नेलेला माझ्या ऐकिवात नाही, नेला पाहिजे.

‘मग कामचुकारांचं काय? तासालाच न येणाऱ्यांना तुमच्या प्रेमळ चिठ्ठ्यांनी काय फरक पडणार?’ काहीच नाही. तासाला न येणाऱ्यासाठी मस्टर आहे, वेळापत्रक आहे, प्राचार्य आहेत. मुलांना तक्रार करायची तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. ती वाट चालती करा, तिच्या पाट्या कॅन्टीनजवळ लावा. तक्रार ही तक्रारीच्या जागी नाव-गाव-पुराव्यासह जावी. अभिप्रायाच्या पेटीत तक्रारी आणि तक्रारीच्या जागी अभिप्राय, अशी सरमिसळ झाल्यामुळेच दोन्ही पेट्या रिकाम्या आहेत.

प्राचार्यांना मी एवढंच मागितलं, की वेळापत्रकात सेमिस्टरच्या मध्यावर प्रत्येक विषयाला एक तास द्या आणि त्या तासाचं वर्कलोड धरा. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला त्या वेळी मोकळं ठेवा. कागद मागू नका. तास झाला, एवढी नोंद वहीत पुरे. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘आणि नॅकच्या पियर टीमला दाखवायचं काय?’ मी म्हटलं, त्यांना कुठल्याही वर्गात पाठवा, कुठल्याही मुलाला विचारू द्या, की तुझ्या सांगण्यावरून या वर्षी कुठल्या सरांनी काय बदललं. ते हसले. तास अजून मिळालेला नाही, पण नाही असंही म्हणालेले नाहीत.

दरम्यान यंदाच्या चिठ्ठ्या घेऊन झाल्या. सिग्माबद्दल एकही नाही, याचा मी थोडा अभिमान बाळगून होतो. मग एकामागून एक सहा चिठ्ठ्या निघाल्या. पाचांत प्रश्न घुमवून विचारला होता, सहावीत सरळ: ‘सर, कॅल्क्युलेटरवरचं ते बरोबरच्या खुणेसारखं बटण कशाचं असतं?’

वर्गमूळ काढल्याशिवाय न निघणारं प्रमाण विचलन मी गेले तीन आठवडे शिकवतो आहे.